एक्केचाळीस निरोप

हाज शिहाता : नको. त्याचं नावच काढू नका. आलात तसे परत जा.

बयूमी : जातो, हाज. पण निरोप सांगून जातो. पाच मिनिटांचं काम आहे.

हाज शिहाता : पाच मिनिटांचं काम घेऊन याआधी दोघं येऊन गेले. एक म्हणाला, तुमचा रिफअत मला तुरुंगात भेटला, त्याला औषध हवंय. सुनेच्या हातातली बांगडी गेली. दुसरा नुसता जेवून गेला. तुम्हाला काय हवंय?

बयूमी : पाणी. गार नसलं तरी चालेल.

इन्शिराह : आत या भाऊ, खुर्चीवर बसा. मी रिफअतची बायको. हे माझे सासरे. त्यांना सांगा, दारात आलेल्या माणसाला आपल्या दुम्यातमध्ये कुणी उभं ठेवत नाही.

हाज शिहाता : तिला सांगा, घर अजून माझ्या नावावर आहे.

बयूमी : वहिनी, मी निरोप्या खरा. पण एका खोलीतले निरोप त्याच खोलीत पोचवायची माझी पहिलीच वेळ.

इन्शिराह : आमचं बोलणं बंद आहे. तीन महिने झाले. रजब महिन्यात यांनी दारापुढे मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, कुराण पढायला माणूस बोलावला आणि जिवंत मुलाच्या नावानं शोक धरला. मी काळं घातलं नाही. म्हणून.

हाज शिहाता : जिवंत म्हणे! चार वर्षं होत आली. चिठ्ठी नाही, भेट नाही. तुरुंगावर विचारायला गेलो की खिडकीतून सांगतात, या नावाचा माणूस आमच्याकडे नाही. शेवटी रजबात तिथल्या एका कारकुनाला दया आली. म्हणाला, हाज, घरी जा, तुमच्या मुलाचं नाव यादीतून काढलंय. यादीतून नाव कधी काढतात, सांगा तुम्हीच. मी बाप आहे. किती दिवस दार उघडं टाकून बसू? नमाज पढून मी त्याला वाटेला लावलं. आता त्याला उठवू नका.

बयूमी : रजबात आम्हा तीस जणांना दुसऱ्या तुरुंगात हलवलं, हाज. तिथल्या यादीतून नाव गेलं ते त्यामुळे. रिफअत त्या तिसांत होता. रमजानच्या दुसऱ्या शुक्रवारी, रोजा सोडल्यावर, त्यानं मला हा निरोप पुन्हा एकदा, शेवटचं, म्हणून दाखवला. मग मी सुटलो. आज सदतिसावा दिवस.

इन्शिराह : रमजान? कुठला रमजान, भाऊ?

बयूमी : हाच. परवा झाला तो.

इन्शिराह : या अल्लाह.

हाज शिहाता : हे कुणीही सांगेल.

बयूमी : खरंय. सांगायला कुणीही सांगेल.

हाज शिहाता : तुम्ही कोण? धंदा काय?

बयूमी : बयूमी. तांत्यात स्टेशनामागच्या कॉफीखान्यात वेटर. बावीस वर्षं. पोलिसांना दुसरा कुणी बयूमी हवा होता. त्याच्या बापाचं नावही माझ्या बापाचंच. आजोबांचं वेगळं आहे, पण आजोबांपर्यंत जातो कोण? तीन वर्षं सात महिने ठेवलं.

इन्शिराह : आरोप काय होता?

बयूमी : आरोप असता तर वकिलानं तोंड तरी उघडलं असतं. दहशतवादाचा संशय, तपास चालू आहे. एवढंच. दर पंचेचाळीस दिवसांनी कोर्टात काचेच्या पिंजऱ्यात उभं करायचे, चाळीस जणांना एकदम. आमचं बोलणं काचेतून न्यायाधीशांना ऐकू जायचं नाही, त्यांचं आम्हाला यायचं नाही. साहेबांचे ओठ हलले की शिपाई बोटांनी दाखवायचा : आणखी चार आणि पाच. की निघालो परत.

हाज शिहाता : आणि... त्याला कशापायी?

बयूमी : तुम्हाला कुणी सांगितलंच नाही? एका पलंगापायी. त्यानं कुणाचा तरी लग्नाचा पलंग केला होता. पुढे त्या नवऱ्यामुलावर संशय आला. त्याच्या फोनमध्ये नंबर निघाला, 'दुम्यातचा रिफअत'. मग हाही संशयित.

हाज शिहाता : कुठला पलंग? उशाला दोन मोर आहेत तो?

बयूमी : मोर होते म्हणाला खरा.

हाज शिहाता : अहो, ते मोर माझे! तो पलंग मी केलाय. रिफअतनं नुसतं पॉलिश मारलं आणि पोचवायला गेला.

बयूमी : असेल. तिथे त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, पलंग कुणी केला, सोबत कोण होतं? तो म्हणाला, मी एकट्यानं केला. चार वर्षं तेच म्हणतोय. आम्हालाही तेच सांगितलं.

इन्शिराह : घ्या पाणी, भाऊ. आणि हा दुसरा ग्लास त्यांना द्या.

हाज शिहाता : मला पाणी नको. पलंगाचं पोलिसांनाही माहीत असणार. पोलिसांनी पाठवलं असेल यांना, घरात कोण काय बोलतं ते बघायला. निरोप म्हणता ना? चिठ्ठी कुठंय?

बयूमी : चिठ्ठी नाही. आत कागद नाही, पेन्सिल नाही. आणि बाहेर येताना अंगावर कागद सापडला तर तो ज्याच्या घरी जायचा त्याच्याही घरी गाडी जाणार. डोक्यात आहे.

हाज शिहाता : चार ओळी असतील.

बयूमी : याच्या एकट्याच्या चार ओळी नाहीत. आणि असे एक्केचाळीस आहेत. एक्केचाळीस माणसांचे. तुमचं घर एकोणिसावं.

इन्शिराह : एक्केचाळीस? एका डोक्यात?

बयूमी : डोकं काही खास नाही वहिनी, शाळेत मी तीनदा नापास. पण कॉफीखान्यात बावीस वर्षांत ऑर्डर कधी लिहून घेतली नाही. चौदा टेबलं. एक कॉफी बेताच्या साखरेची, दोन चहा पुदिना घालून, एक मेथीचा काढा, कोपऱ्यातल्या मास्तरांना हुक्का, पण निखारे नंतर. ओरडून सांगायचं आणि बरोब्बर नेऊन ठेवायचं. तुरुंगात एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना ताप होता. म्हणाले, तू आधी सुटलास तर माझ्या बहिणीला एवढं सांग. मी ऐकलं, आणि सवयीनं म्हणून दाखवलं. ते रडायलाच लागले. शेजारचा म्हणाला, माझंही घेतोस? तिथून सुरू झालं.

हाज शिहाता : आणि ते विसरत नाही तुम्ही? मी सकाळी चष्मा कुठे ठेवला ते दुपारी आठवत नाही मला.

बयूमी : विसरायला सवड द्यायची नाही. पहाटेची नमाज झाली की भिंतीकडे तोंड करून बसायचं, आणि डोक्यात आमचा कॉफीखाना उघडायचा. चौदा टेबलांवर तिघं-तिघं बसवलेत, शेवटच्यावर दोघं. पहिल्या माणसापासून एक्केचाळिसाव्यापर्यंत फिरायचं, प्रत्येकाचं त्याच्याच शब्दांत म्हणायचं. दीड तास लागतो. कोठडीत अडुसष्ट माणसं, झोपायच्या तीन पाळ्या. सुरुवातीला शिव्या घालायची पोरं, म्हणायची आला वेटर. मग हळूहळू गप्प बसायला लागली. पुढे पुढे तर मी म्हणायला बसलो की खोकला आला तरी तोंडावर हात धरायची. आपापला निरोप येईपर्यंत थांबायची. आपलं नाव ऐकलं की मग झोपायची.

इन्शिराह : सुब्हानल्लाह.

बयूमी : एकदा एक पहारेकरी दाराच्या झरोक्याशी उभा होता. कधीपासून, कुणास ठाऊक. म्हटलं, आता मारणार. संपल्यावर तो म्हणतो, सतरा नंबरवाल्यानं आईचं गाव सांगितलं नाही, ते विचारून ठेव. आणि निघून गेला.

इन्शिराह : आणि रिफअत कुठल्या टेबलावर?

बयूमी : खिडकीजवळच्या. चहा, साखर अगदी कमी.

इन्शिराह : साखर कमी? चार चमचे घेतो तो!

बयूमी : ते माझं आहे वहिनी, लक्षात राहावं म्हणून मी दिलेलं. साखर तिथे कुणालाच मिळत नाही.

हाज शिहाता : बरं. एक सांगा. फारस्कूरच्या सादिकचा मुलगा, जाबिर. तोही आत आहे. त्याचा निरोप आहे का तुमच्याकडे?

बयूमी : आहे की नाही, ते मी सांगणार नाही.

हाज शिहाता : त्याचा बाप माझा मित्र. मी पोचवतो. तुमची तेवढी खेप वाचेल.

बयूमी : नको, हाज.

हाज शिहाता : सगळं नका सांगू. पोरगा जिवंत आहे, एवढंच म्हणा.

बयूमी : असलाच माझ्याकडे, तर तो त्याच्या घरात बोलला जाईल. तुमच्या सुनेसाठी दिलेले शब्द उद्या कुणी मला फारस्कूरमध्ये विचारले तर? तिथे सांगू?

हाज शिहाता : नाही सांगितलंत तर मी तुम्हाला आत्ता बाहेर काढीन.

बयूमी : काढा. मी पायरीवर बसेन. वहिनी बाहेर आल्या तर त्यांच्या कानात सांगेन आणि जाईन. पण दोनच्या गाडीच्या आत काय ते ठरवा.

इन्शिराह : दोनचं काय आहे?

बयूमी : सुटलोय ते असं सुटलोय वहिनी. रोज संध्याकाळी सहाच्या आत आमच्या चौकीत हजर व्हायचं, रात्र तिथल्या फरशीवर काढायची, सकाळी सहाला सोडतात. मधले बारा तास माझे. त्यात जमलं तर एक घर; कधी पत्ताच सापडत नाही. सहाला पाच मिनिटं उशीर झाला की निमित्त मिळालं त्यांना.

हाज शिहाता : म्हणजे रोज तांत्याहून निघायचं, कुणाच्या तरी दारात शिव्या खायच्या, आणि सहाच्या आत परत?

बयूमी : सगळीकडे शिव्या नसतात. एका ठिकाणी बदक रांधलं होतं.

हाज शिहाता : बसा. उठू नका. तुम्ही चोर असतात तर जाबिरला एव्हाना विकून मोकळे झाला असतात. म्हणा काय म्हणायचंय ते.

बयूमी : एकच विनंती. मधे कुणी बोलायचं नाही. तोडलं की मला पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

(बयूमी उठून उभा राहतो, दोन्ही हात पाठीमागे धरतो आणि डोळे मिटतो.)

बयूमी : 'ब-ब-ब... ब-बाबांना म्हणावं...'

हाज शिहाता : थांबा! माझ्या घरात येऊन माझ्या पोराची टिंगल करता?

बयूमी : टिंगल नाही, हाज. त्यानं दिलं तसंच देतो. एकानं खोकत खोकत दिला, तो मी खोकून पोचवला. शब्द मी निवडत नाही, धुऊन-पुसूनही घेत नाही. तोच म्हणत होता, हे अडखळणं तेवढं गाळ, मला लाज वाटते. मी म्हटलं, गाळलं तर घरचे तुला ओळखणार कसे?

हाज शिहाता : तो तोतरा आहे हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पोलिसांनाही...

इन्शिराह : गप्प बसा हो आता! म्हणू दे त्यांना.

हाज शिहाता : तू माझ्याशी बोललीस?

इन्शिराह : बोलले. आणि परत मधे तोंड घातलंत तर परत बोलेन. म्हणा भाऊ, पहिल्यापासून.

बयूमी : 'ब-ब-ब... ब-बाबांना म्हणावं, तुमच्या हाताचं चुंबन घेतो. मी ब-बरा आहे. डाव्या कानानं जरा कमी ऐकू येतं, ब-ब-बाकी काही नाही. आपल्या मशिदीत इमाम चढतात त्या मिंबरची उजवी बाजू मी अर्धी सोडून आलो. अकरावा तारा कोरायचा राहिला आहे. ते अक्रोडाचं लाकूड वरून सरळ दिसतं, पण बोटभर खाली त्याच्या रेषा वळतात, डावीकडून उजवीकडे. पटाशी उजवीकडून घातली तर फळी चिरेल. बरोबर डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, हातोडी नको, नुसत्या तळव्यानं. बारीक गाठ लागेल. तिथे थांबायचं आणि फळी उलटी फिरवून पलीकडच्या बाजूनं गाठीला भेटायचं. मग तारा आपोआप सुटतो.' इथे तो हसला होता. 'इन्शिराह. मला नेलं तेव्हा तुला पाचवा महिना होता. मी मोजलंय. ब-ब-बाळ आता साडेतीन वर्षांचं असेल. मुलगा की मुलगी, माहीत नाही. मी त्याला नाव दिलेलं नाही. न ब-बघता नाव देऊ नये. मनात मी त्याला पाहुणा म्हणतो. पाहुणा ब-ब-बोलतो का? माझ्यासारखा अडखळतो का? अडखळत असेल तर ब-ब-ब...' इथे बराच वेळ गेला. '...ब-बाबांना म्हणावं, त्याच्यावर ओरडू नका. ओरडलं की शब्द आणखी आत जातो. थांबलं की येतो. इथे एक वेटर आहे, तो थांबतो, म्हणून मला एवढं सांगता आलं. इन्शिराह, वाट ब-बघ असं मी सांगत नाही. ब-बघू नकोस असं सांगवत नाही.' संपला निरोप. मी जरा अंगणात जाऊन उभा राहतो.

हाज शिहाता : नाही. बसा इथेच.

इन्शिराह : बाबा. ऐकलंत? लाकडाचं सांगताना तो एकदाही अडला नाही. बाजू म्हणाला, बोटभर म्हणाला, बारीक म्हणाला. एकदाही नाही.

हाज शिहाता : ऐकलं.

इन्शिराह : हे पोलिसांना कुठून कळणार? लग्नानंतर दोन वर्षांनी मला कळलं. भाऊ, तुमच्या ध्यानात आलं होतं का?

बयूमी : नाही वहिनी. मला वाटलं, तेवढा भाग त्यानं आधीच घोकून ठेवला असेल. अकरा दिवस लागले मला हा एक निरोप घ्यायला. कुठे किती वेळा अडला ते चुकायचं. तो बोटं दाखवायचा, तीन नाही, दोन.

हाज शिहाता : लहानपणापासून तसाच. दुकानात रंध्याजवळ उभा राहून घडाघडा बोलायचा. घरात मी समोर आलो की ब-ब-ब. मी म्हणायचो, थुंकून टाक तो शब्द, गाढवा. सगळ्यांदेखत म्हणायचो... आणि मी पटाशी उजवीकडून घातली.

इन्शिराह : काय?

हाज शिहाता : ती फळी. गेल्या हिवाळ्यात. म्हटलं, त्याचं राहिलेलं काम आपल्या हातानं पुरं करावं. पन्नास वर्षं हेच काम करतोय मी. उजवीकडून पटाशी घातली आणि वरपासून खालपर्यंत चिरली.

इन्शिराह : तुम्ही तर सांगितलंत वाळवी लागली म्हणून.

हाज शिहाता : माझ्या हाताला लागली होती वाळवी. अहो बयूमी, तो हे सगळं बघतो कसं तिथे? लाकूड इथे, तो तिथे. चार वर्षं. लाकडाच्या आतली रेषा त्याला तिथून दिसते?

बयूमी : दिसते, हाज. मी पाहिलंय. दुपारी फरशी तापायची. तो पाण्यात बोट बुडवून फरशीवर तारे काढायचा. बारा टोकांचे. पहिल्या टोकापासून बाराव्यापर्यंत यायच्या आत पहिलं वाळून जायचं. तो परत पहिल्यावर जायचा. चार-पाच पोरं शिकायला बसायची. तो बोटानं रेघ मारून फक्त मान हलवायचा. पिण्याचं पाणी मोजकं मिळायचं, तरी लोक आपल्यातलं घोटभर त्याच्यासमोर आणून ठेवायचे. अडुसष्ट तहानलेली माणसं, आणि पाणी फरशीवर सांडतंय, आणि कुणी काही बोलत नाही. नुसते बघतायत. इतकी शांतता मी मशिदीतसुद्धा पाहिली नाही.

हाज शिहाता : आणि मी त्याची जनाज्याची नमाज पढलो. बयूमी, नमाज परत घेता येते का?

बयूमी : इमामांना विचारा, हाज. कॉफीखान्यात एवढंच सांगतील की चहा परत घेत नाही.

इन्शिराह : हसलात! बाबा, तुम्ही हसलात.

हाज शिहाता : हसलो नाही. ठसका लागला.

इन्शिराह : भाऊ, दीड वाजत आला. एक विचारू? उत्तर... उत्तर कुणाबरोबर पाठवता येईल का?

बयूमी : त्यासाठीच वेळ राखून ठेवलाय, वहिनी. माझ्याकडे द्या.

इन्शिराह : तुमच्याकडे? तुम्ही तर बाहेर आलात.

बयूमी : माझ्याबरोबर नऊ जण सुटले. त्यातले चार परत आत आहेत. संध्याकाळी चौकीत गेले आणि सकाळी बाहेर आलेच नाहीत. नवा संशय, नवा तपास, पुन्हा पहिले पंचेचाळीस दिवस. माझीही पाळी येईल. या महिन्यात नाहीतर पुढच्या.

हाज शिहाता : मग पळून का जात नाही तुम्ही?

बयूमी : कुठे? घरी आई आहे, तिचे गुडघे गेलेत. मी गेलो नाही तर तिला नेऊन बसवतील चौकीत. मला परत जायचं नाहीये, हाज. वेडा नाही मी. मला आमच्या कॉफीखान्यात ओरडून ऑर्डर द्यायचीय. रात्री चौकीच्या फरशीवर पडलो की सकाळी कुलूप उघडेपर्यंत डोळा लागत नाही. पण जावंच लागलं, तर रिकाम्या हातानं कशाला जाऊ? अठरा घरांची उत्तरं घेऊन झाली.

इन्शिराह : आणि दुसऱ्याच तुरुंगात टाकलं तर?

बयूमी : तिथून कुणाला तरी रिफअतच्या तुरुंगात हलवतीलच. त्याला शिकवीन. आता आत तिघं जण माझ्यासारखे तयार झालेत. त्यातला एक तर वकील आहे. जरा जास्त बोलतो, पण शिकेल.

हाज शिहाता : तुमच्या आईला तुमचा निरोप कुणी दिला होता? तुम्ही आत असताना?

बयूमी : तो नाही गेला कुणाबरोबर. माझ्या आधी सुटलेल्यांत असं पाठ करणारा कुणी नव्हता. मी दारात उभा राहिलो तेव्हाच तिला कळलं.

हाज शिहाता : सत्तर वर्षांचा झालो मी. मोठे मोठे मिंबर पाहिले, सोन्याचं पाणी दिलेले. मला वाटायचं, माणसाच्या हातानं याहून मोठं काही होत नाही. सूनबाई, या माणसाला नीट बघून घे. पोरीला सांगायला होईल.

बयूमी : पोरीला? म्हणजे मुलगी आहे!

इन्शिराह : मुलगी आहे. बालवाडीत गेलीय. घ्या भाऊ, सांगते. 'रिफअत, मुलगी आहे. नवारा तिचं नाव. कान तुझे, हट्ट माझा. लाकडाचा भुसा खाते, कितीही मारलं तरी. ती बोलते. आणि अडखळते. तुझ्याच अक्षरावर. ती अडखळली की तुझे वडील हातातलं काम खाली ठेवतात, तिच्यासमोर जमिनीवर बसतात आणि शब्द बाहेर येईपर्यंत थांबतात. एकदा शब्द येत नव्हता आणि अजान झाली, तरी उठले नाहीत. मशिदीतली नमाज चुकली.'

हाज शिहाता : हे कशाला सांगतेस त्याला?

इन्शिराह : मग काय सांगू? मोर कुणी कोरले ते? मधे बोलू नका. 'वाट बघायची की नाही ते माझं मी बघीन. त्यात तू पडू नकोस. तू जेवत जा. पाणी फरशीवर कमी सांड, थोडं पीत जा.' झालं. नाही, थांबा. 'डाव्या कानाचं काय झालं ते घरी आल्यावर खरं सांगायचं.' आता झालं.

बयूमी : 'रिफअत, मुलगी आहे. नवारा तिचं नाव. कान तुझे, हट्ट माझा. लाकडाचा भुसा खाते, कितीही मारलं तरी. ती बोलते. आणि...' इथे तुम्ही श्वास घेतलात, वहिनी. '...आणि अडखळते. तुझ्याच अक्षरावर...'

इन्शिराह : पुरे. पुरे भाऊ. बरोबर आहे. तुमच्या तोंडून ऐकवत नाही.

बयूमी : वाटेत गाडीत पुरं म्हणून घेईन. येतो मी.

इन्शिराह : हे घ्या. भाकरी आणि आपलं दुम्यातचं पांढरं चीज. तुमच्या आईला. नाही म्हणायचं नाही.

बयूमी : निरोपाचं काही घेत नाही मी.

इन्शिराह : निरोपाचं नाहीच ते. आईला आहे.

हाज शिहाता : बयूमी, थांबा. मलाही द्यायचाय. पण हिच्यासमोर नाही. स्टँडपर्यंत येतो.

बयूमी : ऊन आहे, हाज. तुमचं वय...

हाज शिहाता : वय माझं आहे. चालताना घेता येईल ना तुम्हाला? मला लवकर बोलता यायचं नाही. चार वर्षांचं साचलंय, आणि त्याआधीचंही. तुम्हाला थांबावं लागेल.

बयूमी : थांबेन, हाज. चला.

इन्शिराह : बाबा!

हाज शिहाता : आता काय?

इन्शिराह : पायात काही घाला.